मध्यरेषेवरचा दगड

चेनेज दोनशे चाळीसवर
जेसीबीचा दात कचकन वाजला
आणि यादव ऑपरेटरने खाली उतरून चप्पल काढली.
माझ्या पायात सेफ्टी शूज. हातात प्रिझमची काठी.
कागदावर अठरा मीटरचा रस्ता, सेक्टरपासून जेट्टीपर्यंत,
आडिवशाच्या गावठाणातून सुरी फिरवावी तसा.

"थांबा वो," जोमी मढवी धावत आली, साबणाच्या हातांनी,
"यो आमचा धुवाचा धोंडा हाय."

उलटला तेव्हा कळलं, तो इतकी वर्षं पालथा होता.
वर चंद्र, सूर्य. मधे खाऱ्या वाऱ्याने खाल्लेल्या ओळी.
खाली गाढव, आणि त्याच्याखाली एक बाई.
यादवने मान फिरवली.
जोमीने पदर सोडला आणि टाकला
त्या बाईवर.

पिंगुळकर सर आले, ब्रश घेऊन, टॉर्च तिरका धरून.
दोन तास उकिडवे बसले, मग म्हणाले:
कुणीतरी कुणालातरी शेत दिलंय, खाडीपर्यंतचं,
चंद्रसूर्य असेतो.
जो हिरावून घेईल त्याच्या आईला...
पुढचं वाचावं लागत नाही, चित्र आहे.

सात-बाराच्या कितीतरी आधी
माणसं सही म्हणून शिवी कोरत होती.
आणि शिवीतसुद्धा भोगायला
बाईच.

सर म्हणाले, हलवायचा नाही. जागेवरच कुंपण, फलक.
मी म्हणाले, मग रस्ता चार मीटर पश्चिमेला सरकवू.
पश्चिमेला जोमीचं स्वयंपाकघर आहे.
आमच्या नकाशात ते नाही.
आमच्या फायलीत त्याला म्हणतात 'गरजेपोटी'.

तिच्या सासऱ्याची भातजमीन शहराला गेली.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट निघाला
तो त्यांच्या तेराव्यानंतर,
आणि वाटण्यांत तो विकलाही गेला.
हे तिने मला चहा गाळताना सांगितलं,
त्याच स्वयंपाकघरात,
आणि मी कपाच्या कडेवरून भिंत मोजत होते:
बारा फूट, जास्तीत जास्त तेरा.

"म्हंजे ज्यानं जमीन घेतली, त्याला श्राप?"
हो.
"मंग तुमचे सायबाला वाचून दावला का?"
मी हसले.
मग माझा फ्लॅट आठवला, सेक्टर एकोणीस, तिसरा मजला,
साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर,
कुणाच्यातरी खाचरावर.
बिल्डरने ब्रोशरमध्ये लिहिलं होतं: खाडीचं अखंड दर्शन.

मीटिंगमध्ये तीन पर्याय मांडले, रंगीत प्रिंट काढून.
वस्तुसंग्रहालय.
वळण.
काचेची पेटी, दुभाजकात, दिव्यांसकट.
जोमीला बोलावलं नव्हतं, ती दाराशी उभी होती. तिने चौथा सांगितला:
"पालथा घाला परत. आमचे धुन्याखाली होता
म्हनून तर र्‍हायला. त्या बाईची बी अब्रू र्‍हाईल."
पिंगुळकर सरांनी आधी कपाळाला हात लावला.
मग चष्मा काढून पुसत राहिले, बराच वेळ.
इतिवृत्तात हे आलं नाही.

मी घरी बसून आराखडा पुन्हा काढला.
दोनशे चाळीसला रस्ता अठराचा पंधरा होतो,
श्वास आत घेऊन माणूस चिंचोळ्या जागेतून निघतो तसा,
आणि पुढे परत अठरा.
शेरा: तांत्रिक कारणास्तव.
मध्यरेषेपासून जरा बाजूला एक बारीक वर्तुळ;
सूचीत त्याचा अर्थ दिलेला नाही.
मंजुरी अजून आलेली नाही. येईल असंही नाही.

काल तिकडून गेले.
दगड उताणा, निळ्या ताडपत्रीखाली,
चार कोपऱ्यांना वाळूची पोती.
शेजारी जोमी धुणं आपटत होती
आमच्याच फुटपाथच्या उचललेल्या कर्बस्टोनवर.
मी काही बोलणार त्याआधी तीच म्हणाली,
"बग ना, नवा कोरा.
याच्यावर मळ निंगत नाय."